तिसऱ्यांपासून (जिवंत शिंपल्यांपासून) पेलेटपर्यंत: न खाणाऱ्या सागरी माशाला तयार खाद्यावर कसं आणायचं

नवीन आणलेला कॉपरबँड बटरफ्लाय, हा लांब तोंडाचा सागरी शोभेचा मासा, पेलेटकडे (तयार खाद्याच्या गोळीकडे) ढुंकूनही बघत नाही, तेव्हा बहुतेक जण आधी खाद्याचा ब्रँड बदलतात. मग फ्लेक, मग फ्रीझ-ड्राइड क्रिल, मग ब्लडवर्म. रोज काहीतरी नवीन पाण्यात पडतं, तळाशी कुजतं, अमोनिया चढतो आणि मासा आणखीनच मलूल होतो. यात माशाचा हट्ट नसतो. या माशाने जन्मभर खडकाच्या फटीत लांब तोंड घालून किडे आणि बारीक कवचधारी जीव ओढून काढले आहेत. पाण्याच्या वरच्या थरातून निवांत खाली येणारी तपकिरी गोळी त्याच्या लेखी अन्न नाहीच, तो कचरा आहे.

माशाला अन्नाची ओळख चार गोष्टींनी पटते: वास, हालचाल, आकार आणि जागा. जिवंत खाद्यात चारही ओळखीच्या असतात, पेलेटमध्ये चारही अनोळखी. म्हणून एका वेळी यातली एकच गोष्ट बदलायची आणि बाकीच्या तीन आहेत तशाच ठेवायच्या. पुढचं सगळं या एका नियमावर उभं आहे. मुख्य उदाहरण कॉपरबँडचं घेतलं आहे, कारण आपल्याकडच्या मरीन टँकमध्ये उपासमारीने सर्वांत जास्त मरणाऱ्या माशांपैकी तो एक आहे, आणि त्यातले बरेचसे वाचू शकतात.

विकत घेण्याआधी

निम्मं काम दुकानातच होतं. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटला घ्या, कुर्ल्याला घ्या किंवा पुण्यातल्या ओळखीच्या दुकानात घ्या, पैसे देण्याआधी एकच सांगायचं, "दादा, याला एकदा खायला घालून दाखवा." दुकानदाराने टाळाटाळ केली, तर थोडी उचल देऊन मासा आठवडाभर तिथेच ठेवायला सांगा. प्रवासाने थकलेला मासा ताबडतोब दुसऱ्यांदा पिशवीत घालणं त्याच्यासाठी फार वाईट.

तो खाताना दिसला तरी त्याचं अंग नीट बघा. पोट आत गेलेलं असेल तर ते आठवडाभराच्या उपासाचं असू शकतं, आणि ते भरून येतं. डोळ्यांच्या वर आणि डोक्याच्या मागे पाठीचं मांस खपाटीला गेलेलं असेल, समोरून बघताना मासा पाचरीसारखा दिसत असेल, तर शरीराने स्वतःचे स्नायू वापरायला सुरुवात केली आहे. असा मासा खायला लागला तरी बहुतेकदा वाचत नाही. लांब तोंडाचं टोक सुजलेलं किंवा सोललेलं आहे का, कल्ले जोरजोरात चालतात का, विष्ठा पांढऱ्या दोऱ्यासारखी आहे का, हेही बघा. शेवटची खूण पोटातल्या परजीवींची असू शकते.

आकार मध्यम निवडा, साधारण तीन ते चार इंची. अगदी लहान पिल्लाच्या अंगात उपास काढण्याइतकी शिल्लक नसते आणि पूर्ण वाढलेला मासा आपल्या सवयी सहजासहजी सोडत नाही. तो कुठून आला हेही विचारा. फिलिपिन्स आणि इंडोनेशियात सायनाइडने मासे गुंगवून पकडण्याची वाईट पद्धत अनेक दशकं चालत आली आहे. तसा पकडलेला मासा वरून टवटवीत दिसतो, खातोही, आणि तरी झिजत जातो.

पहिले दिवस: शांतता

सरळ मोठ्या टँकमध्ये सोडू नका. ऐंशी ते शंभर लिटरची वेगळी क्वारंटाइन टँक, आधीपासून चालू असलेला म्हणजे बॅक्टेरिया बसलेला स्पंज फिल्टर, लपायला पीव्हीसी पाइपचे दोन-तीन तुकडे. तीन बाजूंना कागद लावा, म्हणजे घरातल्या हालचालीने तो दचकणार नाही. खाऱ्या पाण्याचं विशिष्ट गुरुत्व १.०२५, तापमान २५ ते २६ अंश, अमोनिया शून्य. एप्रिल-मेमध्ये चिलर नसेल तर निदान पंखा पाण्यावर फिरता ठेवा. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो आणि धापा टाकणारा मासा खात नाही.

इथे एक मुद्दा ठामपणे सांगतो. अंगावर पांढरे ठिपके किंवा व्हेल्व्हेट या परजीवी रोगाची धूळ दिसत नसेल, तर मासा नीट खायला लागेपर्यंत कॉपर, म्हणजे परजीवींवरचं तांब्याचं औषध, सुरू करू नका. कॉपरने भूक मंदावते, आणि आधीच न खाणाऱ्या माशाला ते परवडत नाही. व्हेल्व्हेट दिसलाच तर मात्र औषध आधी, कारण तो रोग काही दिवसांतच मासा मारतो. कॉपर वापरताना टँकमध्ये खडक ठेवू नका. खडक ते शोषून घेतो आणि मात्रेचा हिशेब चुकतो.

पहिल्या दिवशी काहीही घालू नका. दिवा मंद ठेवा. मासा तळाशी कोपऱ्यात उभा राहणं थांबवून काचेवर, पाइपवर, फिल्टरवर इकडेतिकडे टोचून बघायला लागला, की त्याची भूक जागी झाली असं समजा. त्याआधी घातलेलं खाद्य फक्त पाणी बिघडवतं.

तिसऱ्या, एकशिपीला करतो तशा

समुद्राकाठी राहण्याचा आपल्याला मिळालेला हा खरा फायदा. परदेशात जे छंदिष्ट जिवंत शिंपल्यांसाठी वणवण करतात, ते आपल्या मासळी बाजारात वाट्यावर मिळतात. मावशींना आजच्याच तिसऱ्या मागायच्या आणि घरी आल्यावर नेहमीची परीक्षा करायची: उघडी असलेली तिसरी टिचकी मारल्यावर मिटली तर जिवंत, नाही मिटली तर टाकून द्यायची. रत्नागिरीकडे मुळे मिळतील, गोव्यात तिसऱ्यो आणि खुबे. कॉपरबँडला सगळं चालतं. खाडीतल्या मालाबरोबर गाळ आणि घाण येते, म्हणून तिसऱ्या वरून घासून धुवा आणि तास-दोन तास वेगळ्या भांड्यात टँकच्याच खारट पाण्यात ठेवा. त्या वाळू सोडतात. ते पाणी फेकून द्यायचं.

मग विळीवर उघडायच्या, एकशिपीच्या कालवणासाठी उघडतो तशाच, मांस एका शिंपीला चिकटलेलं ठेवून. उघडताना आतलं जे पाणी निघतं ते वाटीत गाळून ठेवा. पुढे त्याचा फार उपयोग आहे. शिंपी टँकमध्ये नुसती टाकायची नाही. पाइपच्या तोंडाशी किंवा एखाद्या दगडाच्या खाचेत, मांस माशाकडे येईल अशी तिरकी अडकवा. दररोज तीच जागा.

यानंतर काय होतं ते बघण्यासारखं असतं. मासा लांबूनच थांबतो, अंग किंचित तिरपं करून एका डोळ्याने शिंपीकडे बघतो, मागे सरतो, पुन्हा येतो. पाठीवरचे काटे उभे-आडवे होत राहतात. मग तोंडाचं टोक मांसाच्या कडेला लागतं न लागतं तोच माघार. हे अर्धा तास चालू शकतं. त्या वेळी काचेला नाक लावून बसू नका. लांब खुर्चीवर बसा किंवा मोबाइल टँकसमोर लावून खोलीबाहेर जा. एकदा मांसाचा लचका तुटून तोंडात गेला की पुढचे लचके पटापट जातात. खाल्लं नाही तर दोन तासांनी शिंपी काढून घ्या आणि संध्याकाळी ताजी लावा. कच्चं मांस उन्हाळ्यात किती लवकर सडतं हे वेगळं सांगायला नको.

तिसऱ्यांना तोंड लावलं नाही, तर वासाऐवजी हालचालीवर भर द्या: जिवंत ब्राइन श्रिंप. त्याची अंडी प्रत्येक बऱ्या दुकानात मिळतात. लिटरभर पाण्यात तीसेक ग्रॅम मीठ, तळापासून जोरात हवा, वर दिवा, आणि पाणी २५ ते २८ अंशांवर. अठरा ते चोवीस तासांत पिल्लं निघतात. मग हवा बंद करा आणि दिवा वरून काढून तळाशी धरा; टरफलं वर तरंगतात, पिल्लं खाली प्रकाशाकडे गोळा होतात. तिथून बारीक नळीने ओढून गाळून घ्या. टरफलं टँकमध्ये जाऊ देऊ नका. मोठ्या माशाला ही पिल्लं पुरणार नाहीत, पण तोंड उघडायला पुरतात. वाढलेली ब्राइन श्रिंप मिळाली तर उत्तमच, फक्त आदल्या दिवशी तिला हिरव्या शेवाळाचं पाणी किंवा फॅटी ॲसिडचं द्रावण पाजा. उपाशी श्रिंपमध्ये पोषण जवळपास नसतं. गोड्या पाण्यातला जिवंत ट्युबिफेक्स मात्र वापरू नका. तो बहुधा गटाराच्या पाण्यातून येतो आणि खाऱ्या पाण्यात लगेच मरून सडतो.

तिसऱ्यांवर थांबायचं नाही

मासा रोज दोन शिंपल्या साफ करायला लागला की बरेच जण सुटकेचा श्वास सोडतात आणि तेच चालू ठेवतात. ते महिनोन् महिने चालत नाही. कच्च्या शिंपल्यांत, काही जातींच्या कोळंबीत आणि काही माशांत थायमिनेज हे विकर असतं. ते ब१ जीवनसत्त्व मोडतं. सतत तेवढंच खाणारा मासा हळूहळू तोल जाऊन पोहायला लागतो, आणि तोवर उशीर झालेला असतो. शिवाय सागरी माशांना ईपीए आणि डीएचए ही मेदाम्लं अन्नातूनच मिळावी लागतात. सागरी माशांसाठी बनवलेल्या चांगल्या पेलेटमध्ये हे सगळं मोजून घातलेलं असतं. गोड्या पाण्याच्या माशांचं फ्लेक त्याला पर्याय नाही.

दुसरी अडचण पुरवठ्याची. पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून यांत्रिक मासेमारी बंद होते, बाजार पातळ होतो, भाव चढतात. ऐन पावसात जिवंत मालावर अवलंबून असलेला मासा घरात असू नये.

शिंपी तीच, आतला माल बदलायचा

आता नियम वापरू. जागा तीच, आकार तोच, वास तोच; फक्त आतला पदार्थ थोडाथोडा बदलायचा.

रिकाम्या झालेल्या शिंपल्या उकळून, घासून जपून ठेवा. तिसऱ्यांचं मांस बारीक चिरा, त्यात फ्रोझन मायसिस (गोठवलेले कोळंबीसारखे बारीक जीव) मिसळा आणि शिंपीत बोटाने दाबून भरा. मायसिसचा क्यूब आधी वाटीभर टँकच्या पाण्यात वितळवून चहाच्या गाळणीतून गाळून घ्यावा; ते गढूळ पाणी टँकमध्ये नको. पहिल्यांदा तीन भाग तिसऱ्या, एक भाग मायसिस. मासा बिनतक्रार खातो आहे असं सलग दोन-तीन दिवस दिसलं की अर्धं-अर्धं, मग एक भाग तिसऱ्या आणि तीन भाग मायसिस. मासा थबकला तर मागच्या प्रमाणावर परत जा. इथे घाई केली तर सगळं काम पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं.

मायसिसवर स्थिरावला की पेलेट आणायची, पण गोळी म्हणून नाही. अर्धा ते एक मिलिमीटरची, मऊ, हळू बुडणारी पेलेट घ्या. कॉपरबँडचं तोंड किती लहान आहे हे विसरून मोठी घेणारे फार. ती खलबत्त्यात कुटून पूड करा आणि वाटीत जपून ठेवलेल्या तिसऱ्यांच्या पाण्यात दहा मिनिटं भिजवा. हे पाणी बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून महिनाभर पुरवता येतं. लसणाचा रस काही माशांना खुणावतो, वापरून बघायला हरकत नाही, पण औषध म्हणून त्यावर विसंबू नका. तिसऱ्यांच्या पाण्याइतकं खात्रीचं आमिष मला दुसरं सापडलेलं नाही.

भिजलेली पूड मिश्रणात एक चतुर्थांशपासून वाढवत न्या. ती पाण्यात विरघळून पसरत असेल तर जिलेटिन किंवा चायना ग्रासमध्ये बांधा. माझ्या घरी मिश्रण असं असतं: सोललेली कोळंबी, थोडी माकूल, तिसऱ्या, मीठ-मसाला नसलेली नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ), पेलेटची पूड, मिश्रण कोमट झाल्यावर जीवनसत्त्वांचे थेंब, सगळं वाटून, बांधून, पिशवीत पातळ पसरून फ्रीझरमध्ये. हवं तेवढं मोडून घ्यायचं आणि शिंपीत चेपायचं. कोळंबी घेताना ती औषध लावून टिकवलेली नाही ना, हे विचारून घ्या. बीफ हार्ट, चिकन असलं काही घालू नका. जमिनीवरच्या प्राण्यांची चरबी सागरी माशांना पचत नाही.

पुढचा टप्पा पूडऐवजी अख्ख्या, भिजवलेल्या गोळ्यांचा. पंधरा-वीस गोळ्या शिंपीतल्या मिश्रणात वरवर खोचा. आता नीट बघा. मासा गोळी उचलतो, थुंकतो, पुन्हा उचलतो, पुन्हा थुंकतो. अनेक जण इथे हार मानतात, पण थुंकणं ही चांगली खूण आहे. याचा अर्थ वस्तू तोंडात घेण्यासारखी वाटते, फक्त पोत ओळखीचा नाही. दररोज थुंकण्याचं प्रमाण कमी होतंय का एवढंच बघा. होत नसेल तर गोळी जास्त वेळ भिजवा किंवा लहान घ्या.

जागा सोडवणं

अजून त्याच्या डोक्यात खाणं म्हणजे शिंपी. ती सवय सोडवायला फिल्टर आणि पंप दहा मिनिटं बंद करा आणि शिंपीच्या अगदी वर टर्की बास्टरने (रबरी फुगा असलेल्या पिचकारीने) किंवा सुई नसलेल्या सिरिंजने थोडं मायसिस सोडा, असं की ते शिंपीवर पडेल. मासा पडणाऱ्या कणांकडे वळला की रोज इंच-दोन इंच वर आणि बाजूला सोडत जा. मायसिस पाण्यात पकडायला लागला की त्यात भिजवलेल्या गोळ्या मिसळा. पंप परत सुरू करायला विसरू नका; टायमरचं सॉकेट लावा म्हणजे चिंता नाही.

शिकवायला एखादा सोबती असेल तर हे सगळं लवकर होतं. बेधडक खाणारा क्रोमिस किंवा क्लाउनफिश गोळीवर झडप घालतो, आणि ते बघून बुजरा मासाही पुढे येतो. सोबती स्वतः क्वारंटाइन पूर्ण केलेला हवा, आणि दांडगा नको. डॅमसेल शिकवण्याऐवजी हाकलून लावतो.

इतर माशांबद्दल

मँडरिन. याचं तोंड बारीक, आतडं आखूड, आणि दिवसभर कोपेपॉड (खडकांवरचे अगदी बारीक कवचधारी जीव) टिपत राहणं हीच त्याची जेवणाची पद्धत. खडक जुने आणि कोपेपॉडनी भरलेले नसतील अशा टँकमध्ये त्याला आणूच नका. तयार खाद्यावर आणायचं असेल तर एक लहान काचेची बरणी तळाशी आडवी ठेवा आणि त्यात पिपेटने ब्राइन श्रिंपची ताजी पिल्लं सोडा. पिल्लं बरणीत राहतात, मोठे मासे आत शिरत नाहीत, मँडरिन शिरतो. बरणी म्हणजे जेवण हे ठसलं की पिल्लांत फ्रोझन सायक्लॉप्स मिसळा, मग माशांची बारीक अंडी. ताजी गाबोळी खाऱ्या पाण्यात हलक्या हाताने चोळून गाळणीतून धुतली की अंडी सुटी होतात. आकार आणि चमक त्याला आवडते. शेवटी सर्वांत बारीक पेलेट. याला दिवसातून तीन-चार वेळा द्यावं लागतं आणि काही मँडरिन पेलेट कधीच घेत नाहीत, हे धरून चाला.

अँथियास प्रवाहात वाहत येणारं खाणारे मासे. यांच्यासाठी पंप बंद करण्याऐवजी मंद चालू ठेवा आणि खाद्य प्रवाहातच सोडा. एकटा आणू नका, आणि दिवसाला एका खाण्यावर ठेवू नका. यांच्या अंगात साठा थोडा, दोन-तीन दिवसांचा उपासही जड जातो.

लायनफिश फक्त हालचालीला भुलतो. जिवंत करंदीने सुरुवात करा, मग मेलेली करंदी पातळ पारदर्शक काडीच्या टोकाला लावून त्याच्यासमोर थरथरवा. गोल्डफिश कधीही नको. त्यातही थायमिनेज असतं आणि मेदही चुकीचा. काडीवरून घ्यायला लागला की आठवड्यातून दोन-तीनदा पुरे.

टँग आणि सर्जनफिश उपाशी असतील तर गोळीच्या आधी नोरीचा तुकडा दगडाला रबरबँडने बांधून ठेवा. ते दगड खरवडणारे मासे आहेत, वर काचेला लावलेल्या क्लिपकडे त्यांचं आधी लक्षच जात नाही.

जे मासे आणूच नयेत

काही जातींना कितीही कसब लावलं तरी उपयोग नाही, कारण त्यांचं अन्न जिवंत कोरल आहे. शेव्हरॉन, मेयर्स, ऑर्नेट आणि मेलन बटरफ्लाय, ऑरेंज-स्पॉटेड फाइलफिश हे त्यातले. मूरिश आयडॉल आणि क्लीनर रास क्वचितच कुणाकडे तगतात. दुकानात दिसले तरी घेऊ नका. आपण घेतला की दुकानदार पुढच्या खेपेला पुन्हा मागवतो. समुद्रघोडे आणि दगडी कोरल तर वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत, त्यांना हात लावायचा प्रश्नच नाही.

ज्यांना हा सगळा खटाटोप झेपणार नाही, त्यांनी टँकमध्ये पैदास झालेले मासे शोधावेत. क्लाउनफिशची पैदास आता भारतात होते, ऐरोलीतही त्यांची हॅचरी आहे. यलो टँगची पहिली यशस्वी पैदास हवाईत २०१५ साली झाली. टँकमध्ये जन्मलेलं पिल्लू तयार खाद्यावरच वाढतं, त्यामुळे पेलेट त्याला पहिल्या दिवसापासून ओळखीची असते.

मोठ्या टँकमध्ये हलवताना

पेलेट घेतो आहे म्हणून लगेच हलवू नका. पाठीचं मांस भरून आलं पाहिजे आणि विष्ठा खाद्याच्या रंगाची, तुटक दिसली पाहिजे. पांढरे दोरे दिसत राहिले आणि खाऊनही अंग भरत नसेल, तर जाणकाराचा सल्ला घेऊन खाद्यातून मेट्रोनिडॅझोल द्यायची वेळ ही. मासा खात असतानाच औषध पोटात जाऊ शकतं.

हलवताना त्याची शिंपी बरोबर न्या. पहिले काही दिवस मोठ्या टँकमध्ये भोकं असलेल्या पारदर्शक पेटीत ठेवा. बाकीचे मासे त्याला बघून घेतात, तो त्यांना खाताना बघतो, आणि टँग असेल तर त्याचा राग काचेवरच निघतो. पेटीतून सोडल्यावर टँगला एका टोकाला नोरी देऊन गुंतवा आणि दुसऱ्या टोकाला शिंपी लावा. कॉपरबँड सावकाश खाणारा आहे. हावऱ्या माशांच्या गर्दीत पेलेट ओळखूनही तो उपाशी राहू शकतो. आठवड्यातून एक-दोन शिंपल्या पुढेही चालू ठेवल्या तर बिघडत नाही.

ऑटो-फीडर लावायचा असेल तर गावी जाण्याआधी किमान आठवडाभर, तुम्ही घरात असताना चालवून बघा. यंत्रातून पडणारी गोळी कोरडी असते, तिला तिसऱ्यांचा वास नसतो. तीही तो पकडतो आहे हे डोळ्यांनी दिसलं, की गणपतीला कोकणात जायला हरकत नाही. शेजाऱ्यांकडे किल्ली देत असाल तर दररोजच्या पुड्या आधीच मोजून बांधून ठेवा आणि डबा कपाटात बंद करा, कारण मायेने जास्त घालणारे शेजारी सगळीकडे असतात.